बघायचे पैसे

सांगलीत माझ्या मेहुणीच्या मुलाचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक टेबल, एक भिंग लावलेला दिवा, डब्यांत सुटे स्क्रू आणि भिंतीवर जुने कीबोर्ड टांगलेले. काउंटरवर त्याने एक कागद चिकटवलाय : ‘तपासणी फी ३०० रुपये. काम दिलं तर बिलातून वजा.’ जानेवारीत मी तिथे जवळजवळ दिवसभर बसून होतो. तेवढ्या वेळात पाच जण तो कागद वाचून परत गेले. त्यांतला एक पायरी उतरता उतरता म्हणाला, ‘नुसतं बघायचे तीनशे? पलीकडे फुकट बघतात.’

पलीकडे फुकट बघतात हे खोटं नाही. मी साताऱ्यात दोन दुकानांत फुकट दाखवूनच तिथे पोहोचलो होतो, आणि त्या फुकटाचे तोवर सहा हजार रुपये झाले होते.

माझी मुलगी सांगलीत सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, नानीकडे राहते. तिच्या प्रोजेक्टचा विषय तिने स्वतःच निवडला : कृष्णेचा पूर. तिच्या पिढीतल्या सांगलीकर मुलांना हा विषय शोधावा लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फुटांची. नानीच्या घरात खालच्या खोल्यांमध्ये छातीएवढं पाणी होतं. पाणी येतं कुठून? आमच्याच जिल्ह्यातून. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, कोयना कराडला तिला येऊन मिळते. साताऱ्यात पाऊस कोसळला की सांगलीत लोक पुलावरचे आकडे बघायला लागतात. माझं घर वरच्या अंगाला, सासुरवाडी खालच्या अंगाला, त्यामुळे या विषयावर आमच्या घरात टोमणेही पुष्कळ झालेत.

पुराचं पाणी कुठवर पसरेल हे काढण्यासाठी ही मुलं हेक-रास नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. अमेरिकन लष्कराच्या इंजिनिअर विभागाने केलेलं आहे आणि फुकट मिळतं. पण सॉफ्टवेअर फुकट असलं तरी त्याला लागणारं यंत्र फुकट नसतं. नदीच्या दोन्ही काठांची जमीन हजारो चौकोनांत वाटायची आणि प्रत्येक चौकोनात दर काही सेकंदांना पाणी किती चढलं याचा हिशेब करत बसायचं, असं ते काम. साधा लॅपटॉप त्यात धापा टाकतो.

म्हणून आम्ही दोन वर्षांपूर्वी पुण्याहून एक वापरलेला वर्कस्टेशन लॅपटॉप घेतला. हा प्रकार ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. डेलची प्रिसिजन, एचपीची झेडबुक, लेनोव्होची थिंकपॅड पी ही या जातीची नावं. मोठ्या कंपन्या इंजिनिअर लोकांना हे लॅपटॉप देतात, तीन-चार वर्षांनी भाडेकरार संपला की बदलतात आणि मग ते व्यापाऱ्यांकडे येतात. नवे असताना दोन लाखांच्या पुढे, वापरलेले त्याच्या चौथाईत. दिसायला ओबडधोबड, वजनाला पाटा-वरवंटा. पण उघडता येतात. रॅमचे दोन नाही तर चार खाचे, एसएसडीला दोन-तीन जागा, आणि कुठला स्क्रू आधी काढायचा हे चित्रासकट सांगणारं सर्व्हिस मॅन्युअल कंपनीच्याच साइटवर. आजकालच्या नाजूक लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच डाग देऊन चिकटवलेली असते. हे लॅपटॉप त्या मानाने जुन्या ॲम्बॅसॅडरसारखे, बॉनेट उघडलं की हात आत जातो. आमच्या यंत्रात दहाव्या पिढीचा सहा कोअरचा आय-सेव्हन आणि १६ जीबी रॅम होती. कंपनीचं नाव घेत नाही, कारण पुढे जे झालं त्यात कंपनीचा दोष नव्हता. अठ्ठावन्न हजार दिले. त्यातले वीस हजार तिच्या अम्मीच्या बांगडीचे होते.

नोव्हेंबरअखेर यंत्र अचानक मंदावलं. मंद म्हणजे किती, तर जो रन रात्री लावला की सकाळी तयार असायचा त्याला एक दिवस आणि वर पाच-सहा तास लागायला लागले. बॅटरीही चार्ज होईना. प्रोजेक्ट मे महिन्यात द्यायचा होता. मुलगी सुट्टीला कोयना एक्स्प्रेसने साताऱ्याला आली ती लॅपटॉप घेऊनच.

पहिल्या दुकानात पाच मिनिटं बघून निदान झालं : ‘विंडोज कोरी टाकावी लागेल.’ आठशे रुपये. फाइली तिने पेनड्राइव्हवर घेतल्या होत्या म्हणून वाचल्या. फरक काही पडला नाही. दुसऱ्या दुकानाने बॅटरीकडे बोट दाखवलं, आणि ते पटण्यासारखंही होतं, चार्ज होत नव्हती ना! बावन्नशे रुपये. नवी बॅटरी निम्मी भरलेली आली होती. घरी आणून चालू केली तर यंत्र पळायला लागलं. आम्ही खूश. तासाभराने बॅटरी संपत आली म्हणून चार्जर लावला आणि गाडी पुन्हा बैलाच्या चालीला. त्या एका तासात उत्तर माझ्यासमोर पाट मांडून बसलं होतं, मला दिसलं नाही. दुकानदार म्हणाला, ‘मग बोर्डच गेलाय, पुण्याला दाखवा.’ पुण्यात एका ठिकाणी फोनवरच आकडा मिळाला : मदरबोर्ड बदलावा लागेल, एकेचाळीस हजार. मी खरंच पैशांची जुळवाजुळव सुरू केली होती. बांगड्या दोन असतात.

मेहुणीच्या मुलाकडे आधीच का गेलो नाही, हे विचाराल. खरं सांगायचं तर मी त्याला ‘मोबाईलवाला’ समजत होतो. आयटीआय करून पुण्यात चार वर्षं दुसऱ्याच्या दुकानात राबलेला मुलगा. एवढं महागाचं यंत्र त्याच्या हातात द्यावं असं वाटलं नाही. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तसंच होतं. शेवटी तिची अम्मी चिडून म्हणाली, ‘बोर्ड टाकायच्या आधी घरच्या पोराला तरी दाखवा.’

त्याने यंत्र उघडलं नाही. आधी प्रश्न विचारले. कधीपासून? त्याच्या आधी काय झालं होतं? कुठे पडलं होतं? मग म्हणाला, ‘खालू, चार्जर निकालके चलाये थे क्या? तब कैसा चला?’

मी म्हटलं, तेव्हा तर पळत होतं.

तो हसला. कुठलाही लॅपटॉप चार्जरवर जोरात आणि बॅटरीवर जरा सावकाश चालतो. आमचा उलटा चालत होता. एवढ्या एका वाक्यावर विंडोज, बॅटरी आणि बहुतेक बोर्डही संशयातून बाहेर पडले. संशय उरला तो चार्जरपासून आतपर्यंतच्या वाटेवर.

मग त्याने टास्क मॅनेजर उघडून वेग दाखवला. चार गिगाहर्ट्झच्या आसपास धावायला हवा तो प्रोसेसर पाऊण-एकवर अडकला होता, आणि गरम तर अजिबात नव्हता. म्हणजे तापून मंद झाला नव्हता, कुणीतरी त्याला मंद राहायला सांगत होतं. पुढे बायोसमध्ये गेला. तिथे एका ओळीत चार्जर किती वॉटचा जोडलाय ते लिहिलेलं असतं. आमच्या ओळीत होतं : अनोळखी.

साध्या लॅपटॉपला ६५ वॉटचा चार्जर पुरतो, या वर्कस्टेशनचा २४० वॉटचा असतो. काही कंपन्यांच्या चार्जरमध्ये एक चिमुकली चिप असते. ती पिनच्या मधल्या बारीक काडीतून आत निरोप देते, की मी अमुक वॉटचा आहे. निरोप मिळाला नाही तर यंत्र चार्जरवर विश्वास ठेवत नाही. दुबळा चार्जर लावून पूर्ण जोर ओढला तर तो जळेल, म्हणून प्रोसेसरचा वेग आवळून धरायचा आणि बॅटरीला चार्जिंग द्यायचं नाही. बिघाड वाटतो तो खरं तर बचाव असतो. माझ्या मुलीच्या एका वर्गमित्राने थ्रॉटलस्टॉप नावाच्या प्रोग्रॅममध्ये एक खूण काढून हा बचावच बंद करायचा उपाय सुचवला होता. भाच्याला ते सांगितल्यावर त्याने कपाळाला हात लावला.

दुसऱ्या गिऱ्हाइकाचा तसाच चार्जर लावून बघितला. तरी अनोळखी. म्हणजे चार्जर निर्दोष, दोष लॅपटॉपच्या जॅकमध्ये. इथवर एकही स्क्रू निघाला नव्हता आणि सव्वा तास झाला होता.

आता तो उघडणार, तेवढ्यात थांबला आणि मुलीला विचारलं, ‘बिटलॉकरची चावी आहे का?’ तिला काही माहीत नव्हतं. सरळ काम असलं तरी चावी हाताशी असल्याशिवाय मी उघडत नाही, म्हणाला. नव्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टचं खातं जोडलं की डिस्क पुष्कळदा आपोआप कुलूपबंद होते आणि त्या कुलपाची किल्ली मदरबोर्डवरच्या सुरक्षा चिपमध्ये असते. बोर्ड बदलला की किल्ली जुन्या बोर्डाबरोबर गेली. मग उरते फक्त ४८ आकडी रिकव्हरी चावी. ती नसेल तर डिस्कवरचं सगळं गेलं. तिच्या खात्यात शोधली, सापडली, तिने वहीत लिहून घेतली. पुण्याच्या फोनवर मला याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. एकेचाळीस हजार देऊन मी तिचं दोन महिन्यांचं काम पुसून आणणार होतो की काय, हा विचार आजही आला की पोटात गोळा येतो.

जॅक बोर्डाला जोडलेला नव्हता, वायरीसकट वेगळा निघाला. मल्टिमीटरच्या दोन काड्या लावल्या : जाड तारांवर बीप वाजला, मधल्या पिनच्या बारीक तारेवर वाजला नाही. पिन लावलेली ठेवूनच पलंगावर वाकडातिकडा ठेवायची सवय. तार आतून तुटली होती. नवा जॅक साडेसहाशे रुपयांचा. तो दोन दिवसांनी आला, बसवला, आणि बायोसमध्ये २४० वॉट असं दिसलं. मुलीने मोबाईलवर त्या ओळीचा फोटो काढून ठेवलाय.

आता माझं म्हणणं. साताऱ्यातले दोघे दुकानदार लबाड होते असं मला वाटत नाही. मीही त्यांच्या जागी तेच केलं असतं. सव्वा तास डोकं चालवून ‘साडेसहाशेचा जॅक गेलाय’ असं सांगणाऱ्याला मी साताऱ्यात किती दिले असते? जॅकवर शंभर-दीडशे. बॅटरी विकणाऱ्याला पाच मिनिटांत त्याहून जास्त सुटतात. आपण पार्टचे पैसे बिनतक्रार देतो, कारण पार्ट हातात धरता येतो. बघण्याचे, विचार करण्याचे, नको ते बाजूला सारण्याचे पैसे आपल्याला लुबाडणूक वाटते. मग दुकानदार पार्ट विकायला शिकतो. हे शिक्षण त्याला आपणच दिलंय. आमच्या गावाकडे सुई न टोचणाऱ्या डॉक्टरबद्दलही लोक असंच बोलतात : काही दिलं नाही अन् पैसे घेतले.

कुणी म्हणेल, फी घेऊनही थापा मारणारे असतातच. असतात. म्हणून माझी एक अट आहे, फी देतो पण काय तपासलं ते दाखव. भाच्याने मला अनोळखी लिहिलेली ओळ दाखवली, बीप ऐकवला, तुटलेली तार भिंगाखाली धरली. ज्याने खरंच बघितलंय त्याला दाखवता येतं. ‘बोर्ड गेलाय’ एवढंच सांगणाऱ्याला ‘कशावरून?’ असं विचारायला आपण लाजतो, आणि ही लाज फार महाग पडते.

सांगलीपासून दहा किलोमीटरवर मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. ही मूळची शिकलगार घराणी. हत्यारांना धार लावणारे हात एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोऱ्याकडे वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे लांबून गवई-वादक येतात ते पुष्कळदा फक्त जवारी काढून घ्यायला. जवारी म्हणजे काय, तर तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा पृष्ठभाग केसाएवढा घासून आवाज मोकळा करायचा. त्यात एकही पार्ट बदलत नाही. उलट थोडा भुगा कमीच होतो. कारागीर तार छेडतो, ऐकतो, घासतो, पुन्हा ऐकतो. त्या कानाचे पैसे वादक आनंदाने देतो, घासाघीस करत नाही. हेच ऐकणं जिन्याखालच्या पोराने मल्टिमीटर घेऊन केलं की आपण त्याला ‘रिपेरीवाला’ म्हणतो.

आमच्या समाजात तर हा प्रश्न घराघरातला आहे. मुस्लिमांमध्ये स्वतःच्या धंद्यावर जगणाऱ्यांचं प्रमाण इतरांहून जास्त आहे, हे सच्चर समितीने २००६ मध्येच आकड्यांनिशी मांडलं. गॅरेज, फिटिंग, वेल्डिंग, एसी, मोबाईल : आमची निम्मी पोरं दुरुस्तीत आहेत. आणि स्थळ बघताना ‘मुलगा काय करतो?’ याचं उत्तर ‘दुरुस्तीचं दुकान’ असं आलं की समोरचा चहाचा कप खाली ठेवतो. तोच मुलगा एखाद्या कॉल सेंटरमध्ये बारा हजारांवर असला तर चालतो. मी हे दुसऱ्यांबद्दल बोलत नाही, वर माझी कबुली दिली आहेच.

दुरुस्तीच्या हक्काची चर्चा अलीकडे होते आहे. फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉप विकताना तो किती दुरुस्त होण्याजोगा आहे याचा दहापैकी गुण दाखवावा लागतो. आपल्या केंद्र सरकारनेही २०२२ च्या डिसेंबरमध्ये या विषयाचं पोर्टल काढलं. चांगलं आहे, पार्ट आणि मॅन्युअल मिळायला हवीत, सर्किटचे नकाशेही मिळायला हवेत, ते अजून आमच्या पोरांना इकडून-तिकडून मिळवावे लागतात. पण बघणाऱ्याला बघण्याचे पैसे द्यायचा कायदा कुठलंच सरकार करणार नाही. ते काउंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसावर आहे.

जॅकचं काम झाल्यावर ‘आता वाढवूनही घेऊ’ असा विषय निघाला. मुलीच्या मित्रांचं मत : मोठं ग्राफिक्स कार्ड हवं. भाच्याने पुन्हा आधी मोजलं. रन चालू असताना ग्राफिक्स कार्ड झोपलेलं होतं. हेक-रास हिशेब प्रोसेसरवर करतं. प्रोसेसर मात्र आता पूर्ण जोराने धावत ९८ अंशांवर जाऊन दम खात होता. पंख्यांत साताऱ्या-सांगलीची दोन वर्षांची धूळ आणि थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी. ब्रशने साफ केलं, नवी पेस्ट लावली, तापमान ८५ च्या आत आलं. याला खर्च तीनशे.

रॅमची गरज होती. जमिनीच्या उंचीचे नकाशे क्यूजीआयएसमध्ये उघडले की १६ जीबी भरून जायची, शिवाय ती एकाच पट्टीत होती. दोन पट्ट्या जोडीने लावल्या की प्रोसेसर दोन्ही हातांनी जेवतो. पण भाव ऐकून डोळे पांढरे झाले. एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरी बनवण्याच्या मागे कारखाने लागलेत, मायक्रॉनने तर गेल्या डिसेंबरमध्ये क्रूशियल हा घरगुती गिऱ्हाइकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. गेल्या वर्षी ज्या पैशात दोन मोठ्या पट्ट्या आल्या असत्या त्यात आता एकसुद्धा येत नव्हती. भाच्याने ओळखीच्या दुकानातून जुन्या यंत्रातली १६ ची पट्टी आणली, रात्रभर मेमरी टेस्टला लावून ठेवली, सकाळी एकही चूक नाही म्हटल्यावर बसवली. खाच्यांपैकी दोन कीबोर्डच्या खाली आहेत, दोन मागच्या झाकणात. कुठल्या जोडीत लावायची हे मॅन्युअल बघूनच ठरवलं. नवी एसएसडी घ्यायची माझी इच्छा होती. तो म्हणाला, ‘अभी नक्को खालू, जगा है बहुत.’ विकायला मिळत असताना नको म्हणणारा दुकानदार मी पहिल्यांदा पाहिला.

बिल करताना त्याने तपासणीचे तीनशे वजा केले. मी ते वेगळे ठेवले. बरीच ओढाताण झाली, नानीला मध्ये पडावं लागलं, शेवटी त्याने घेतले.

फेब्रुवारीत मुलीचा २०१९ च्या पुराचा पहिला पूर्ण रन सकाळपर्यंत तयार झाला. स्क्रीनवर निळा रंग गल्ल्यागल्ल्यांतून पसरत घराच्या दारात येऊन थांबला. तिने नानीला बोलावून दाखवलं. नानीने चष्मा लावून नीट बघितलं आणि विचारलं, ‘हे किती दाखवतंय?’ मुलगी म्हणाली, ‘साडेतीन फूट.’ नानी काही न बोलता तिला आतल्या खोलीत घेऊन गेली. कपाटामागे भिंतीवर, पाणी ओसरलं त्या दिवशी मामूने पेन्सिलीने ओढलेली रेघ अजून होती. मुलगी टेप घेऊन खाली बसली. रेघ चार फूट दोन इंचांवर होती. ती परत लॅपटॉपसमोर गेली आणि कुठे चुकलं ते शोधायला लागली.